कळत होतं थोडं, विश्वास होता फार

'जंजीर' ११ मे १९७३ रोजी प्रदर्शित झाला आणि ३ जूनला त्याच्या नायक-नायिकेचं, अमिताभ बच्चन आणि जया भादुरी यांचं, लग्न झालं. मधे जेमतेम तेवीस दिवस. तेवढ्यात हिंदी सिनेमाला पुढच्या दोन दशकांचा नायक मिळाला आणि आमच्या पिढीला जन्मभर पुरेल असा विषय मिळाला. नागपुरात आज सत्तरीच्या आसपास असलेली चार माणसं एखाद्या लग्नात शेजारी बसली, की कधी ना कधी हा विषय निघतोच. 'जंजीर' कोणत्या टॉकीजला पाहिला यावर त्यांचं एकमत होत नाही. तिकीट खिडकीवर मिळालं की ब्लॅकने घेतलं, यावरही होत नाही. पण 'त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं ना तेव्हा' हे वाक्य सगळे एका सुरात म्हणतात. नात्यातल्याच कुणाच्या लग्नाबद्दल बोलावं तशी आपुलकी त्या सुरात असते.

तो सूर आता ऐकू येत नाही. सिनेमातल्या जोड्या आजही जमतात, आजही लग्नं करतात, आणि त्यांच्याबद्दल आम्हाला तेव्हा होती त्याच्या शंभरपट माहिती आजच्या मुलांना असते. तरी तो सूर लागत नाही. आमचा काळ सोन्याचा होता असं मला म्हणायचं नाही. त्या काळात वाईट पुष्कळ होतं आणि ते पुढे सांगणारच आहे. पण काहीतरी गेलं आहे, आणि काय गेलं ते नीट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बातमी तेव्हा सावकाश यायची. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं, पण नागपुरात घरी टीव्ही यायला ऐंशीचं दशक उजाडलं. आमच्याकडे होता रेडिओ, सकाळचं वर्तमानपत्र आणि मोहल्ल्यातलं वाचनालय. महिन्याची वर्गणी भरली की 'रसरंग' घरी नेता यायचा, आणि परत करण्याआधी घरच्या, शेजारच्या आणि माडीवरच्या सगळ्या बायकांचा वाचून व्हायचा. आमच्या हाती यायचा तेव्हा त्याच्या पानांचे कोपरे मऊ पडलेले असायचे. मधल्या एखाद्या पानाला हमखास चौकोनी भोक असायचं, कारण आधीच्या कुणीतरी फोटो कापून घेतलेला असायचा. त्या भोकातून पुढच्या पानावरचा अर्धामुर्धा मजकूर दिसायचा. मग कापलेल्या फोटोत कोण असेल, साडी कोणती असेल, तो तिच्याकडे बघत असेल की कॅमेऱ्याकडे, यावर ओट्यावर बसून दुपार जायची. कुणीच तो फोटो पाहिलेला नसायचा आणि बोलायला मात्र प्रत्येकाकडे काहीतरी असायचं.

आता फोटो कापावा लागत नाही. सकाळी फोन हातात घेतला की कोण कुणाबरोबर विमानतळावर उतरलं, कुणाच्या बोटात नवी अंगठी आहे, कुणी कुणाच्या फोटोवर बदाम टाकला, हे सगळं चहा उकळायच्या आत कळतं. एकेका फोटोखाली हजारो लोक मत नोंदवतात. पण त्या फोटोविषयी शेजारणीशी दोन मिनिटं बोलावं, असं कुणाला वाटत नाही. बोलायला उरतच नाही काही. जे तिने पाहिलं, तेच तुम्ही पाहिलेलं असतं.

त्या लग्नाची हकिकतही आमच्याकडे तुकड्यातुकड्याने आली. अमिताभ आणि त्यांचे मित्र यांनी ठरवलं होतं की 'जंजीर' चालला तर सगळ्यांनी मिळून लंडनला जायचं. सिनेमा चालला. बरोबर कोण कोण येणार, असं वडिलांनी विचारलं. जयाचं नाव निघालं तेव्हा हरिवंशराय बच्चन म्हणाले की तिच्याबरोबर जायचं असेल तर आधी लग्न करा आणि मग जा. मुंबईत मलबार हिलवर मोजक्या माणसांत लग्न उरकलं आणि दोघं लंडनला गेली. ही हकिकत अमिताभ यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. आम्हाला तेव्हा ती कुणाच्या तरी मुंबईच्या मामांकडून, सुट्टीत आलेल्या कुणाच्या तरी आतेबहिणीकडून कळली, आणि प्रत्येक घरी तिची वेगळी आवृत्ती तयार झाली. कुठे वडील रागावले होते, कुठे हसले होते. पण सगळ्या आवृत्त्यांत एक गोष्ट कायम होती. मोठ्यांनी नाही म्हटलं नव्हतं.

आजच्या जोड्यांची हकिकत एकच असते आणि ती त्यांच्याच खात्यावरून येते. 'शेरशाह' ऑगस्ट २०२१ मध्ये थेट ओटीटीवर आला. त्यातले सिद्धार्थ मल्होत्रा आणि कियारा अडवाणी फेब्रुवारी २०२३ मध्ये जैसलमेरला विवाहबद्ध झाले. लग्नाचे फोटो काही तासांत सगळ्या देशाने पाहिले. फोटो सुंदर होते, जोडी सुंदर होती आणि प्रेमही खरं असेल. पण आमच्या घरातली तरुण मुलं ते फोटो पाहताना कपडे कुणी शिवले, फोटो कुणी काढले, सकाळी टाकायचे की संध्याकाळी हे कुणी ठरवलं, यावर बोलत होती. प्रेमावर कुणी बोललं नाही. त्यांना आमच्यापेक्षा जास्त समजतं आणि ते जे बोलतात त्यात चूक काही नसतं. तरी ऐकताना वाईट वाटतं.

सिनेमा पाहणं म्हणजे तेव्हा एका दिवसाचं काम होतं. त्या आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या गावाचा नकाशाच टॉकीजनी आखला होता. बर्डीवर आनंद आणि जानकी, सदरमध्ये लिबर्टी आणि स्मृती, महालात राजविलास, धरमपेठेत अलंकार, वर्धा रोडकडे निघालं की पंचशील. पत्ता सांगायचा तर टॉकीजपासून सांगायचा. तिकिटासाठी बायकांची रांग वेगळी असायची आणि लहान असायची. त्यामुळे वहिनी, मावशी, शेजारच्या काकू यांना त्या दिवशी फार मान मिळायचा. एरवी काकूंसमोर मान वर न करणारी मुलं दारात उभी राहून म्हणायची, "काकू, चला ना, तुमच्याबिगर तिकीट नाही भेटत." खिडकी म्हणजे लोखंडी जाळीला पाडलेलं हात जाईल एवढं भोक. पैसे मुठीत घट्ट धरून हात आत घालायचा, आत कुणीतरी ती मूठ उघडायचं, पैसे काढून त्यात पातळ रंगीत कागदाची तिकिटं कोंबायचं, आणि हात बाहेर काढताना मनगटावर ओरखडा उठायचा. तो ओरखडा दुसऱ्या दिवशी कॉलेजात दाखवायचा. "काय बे, भेटलं का तिकीट?" याचं उत्तर त्या मनगटावर असायचं.

आता तिकिटासाठी कुणाला मान द्यावा लागत नाही. फोनवर खुर्ची निवडायची, पैसे भरायचे, वेळेवर जाऊन बसायचं. खुर्ची मऊ असते, हवा गार असते, रीळ तुटत नाही, आवाज चिरकत नाही. मेच्या नागपुरी उन्हात, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना, पंख्याखालच्या लाकडी खुर्चीत ढेकणांसह तीन तास बसणं काय होतं हे ज्यांनी भोगलं आहे, त्यांनी तरी आजच्या सुखाला नावं ठेवू नयेत. पडद्यापुढे विड्यांचा धूर तरंगायचा. मध्यंतरात बायकांनी कुठे जावं याची सोय धड नसायची. अंधारात मागून येणाऱ्या हातांची भीती प्रत्येक मुलीला असायची, म्हणूनच घरातून पुरुष माणूस बरोबर असल्याशिवाय तिला जाता येत नसे. आज आमच्या नाती रात्रीच्या शेवटच्या खेळाला मैत्रिणींबरोबर जातात आणि रिक्षाने घरी येतात. जुन्या टॉकीजच्या आठवणी काढताना ही गोष्ट सोडून देणारा माणूस खरं बोलत नसतो.

पण त्या लाकडी खुर्च्यांवर कोण बसायचं तेही सांगायला हवं. एम्प्रेस मिलची पाळी सुटली की कामगार सायकली हाणत टॉकीजवर यायचे. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती मिल म्हणजे निम्म्या नागपूरची चूल होती. 'जंजीर'मधल्या इन्स्पेक्टर विजय खन्नाचा राग आम्हा कॉलेजच्या मुलांना पुस्तकातून कळत असेल. पुढच्या रांगेतल्या त्या माणसांना तो पगाराच्या दिवशी कळलेला होता. खोट्या लाचेच्या आरोपात अडकवून तुरुंगात टाकलेला इमानदार अधिकारी पाहताना पुढच्या रांगा गप्प व्हायच्या, आणि तो उलटून मारायला लागला की पैसे पडद्याकडे भिरकावले जायचे. सकाळी ज्यांना भाजीला पुरले नसते असे ते पैसे असायचे.

मिलच्या जागी आज मॉल आहे आणि त्या मॉलमध्ये सिनेमागृहं आहेत. ज्या जमिनीवर सिनेमाचा सर्वांत मोठा प्रेक्षक घाम गाळत होता, तिथेच आता सिनेमा दाखवतात, पण तो प्रेक्षक तिथे येत नाही. चौघांचं कुटुंब घेऊन गेलं तर तिकिटं आणि मक्याच्या लाह्या मिळून त्याच्या आठवड्याच्या किराण्याएवढा खर्च होतो. तो सिनेमा पाहतो, पण फोनवर, हातगाडीशी उभा राहून, एका कानात वायर घालून, एकटा. त्याला सिनेमा स्वस्त झाला आणि टॉकीज महाग झाली. या सौद्यात त्याचा फायदा झाला की तोटा, हे सांगणं मला कठीण वाटतं.

आता खुद्द सिनेमाकडे. 'जंजीर' हा गुन्हेगारीचा सिनेमा. सलीम-जावेद यांची पटकथा, प्रकाश मेहरांचं दिग्दर्शन, प्राण यांचा शेरखान, अजित यांचा तेजा. विजयच्या भूमिकेला आधी बऱ्याच मोठ्या नटांनी नकार दिला होता. 'बॉम्बे टू गोवा'मध्ये अमिताभला पाहून सलीम-जावेदनी त्याचं नाव सुचवलं. नायिकेला या कथेत फार काम नव्हतं. आणि जया भादुरी तर तोवर 'गुड्डी', 'उपहार', 'कोशिश', 'परिचय' करून बसलेली मोठी अभिनेत्री होती. 'मुंबईचा जावई' या आपल्या मराठी सिनेमावरून निघालेल्या 'पिया का घर'ची नायिका म्हणून मराठी घरांत तर ती सुनेसारखी वावरत होती. त्या दोघांचे 'बन्सी बिरजू' आणि 'एक नजर' १९७२ मध्ये पडले होते. तरी तिने 'जंजीर' केला. तो त्याच्यासाठी केला, असं आम्ही धरून चाललो, आणि पुढे आलेल्या हकिकतींनी ते खोटं ठरवलं नाही.

तिची माला रस्त्यावर गाणं म्हणत चाकू-सुऱ्यांना धार लावते. पैसे घेऊन आधी गप्प बसते आणि ट्रकखाली चिरडलेली मुलं पाहिल्यावर साक्ष द्यायला तयार होते. गुंड मागे लागतात म्हणून विजय तिला घरात आसरा देतो. तिथून पुढे प्रेम सुरू होतं, पण ते इतकं जपून दाखवलं आहे की आजच्या मुलाला ते सुरू झालं कधी, हे सांगावं लागतं. आम्हाला सांगावं लागलं नाही. आम्ही लग्नाची बातमी वाचून आत शिरलो होतो. तो रागाने पाठ वळवून उभा आहे आणि ती दारातून त्याच्याकडे पाहते आहे, एवढं दिसलं तरी मागच्या रांगेतली कुणीतरी बाई हळूच म्हणायची, "हे पाहणं खरं आहे बरं." आणि आजूबाजूच्या चार बायका माना डोलवायच्या. ते पाहणं खरं होतं की अभिनय होता, हे त्यांना कळण्याचा काही मार्ग नव्हता. त्यांनी ठरवलं होतं की ते खरं आहे. पडद्यावर जे दिलं नव्हतं ते प्रेक्षकांनी घरून आणलं होतं.

पडद्यावरच्या गोष्टींवर असा विश्वास ठेवू नका, हे आम्हाला १९७१ मध्ये 'गुड्डी'ने सांगितलं होतं. धर्मेंद्रच्या प्रेमात पडलेल्या शाळकरी मुलीला सिनेमाचा खोटेपणा दाखवून भानावर आणण्याची ती गोष्ट, आणि ती मुलगी झाली होती जया. धडा आम्हाला फार आवडला. दोन वर्षांनी त्याच मुलीच्या नजरेवर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवला.

२०१३ मध्ये 'जंजीर' पुन्हा निघाला. राम चरण आणि प्रियांका चोप्रा त्यात होते, मारामाऱ्या मोठ्या होत्या, पैसाही मोठा होता. तो आला आणि गेला. त्याच्या नायक-नायिकेचं काय नातं आहे, असं कुणी कुणाला विचारलं नाही, कारण सिनेमाबाहेर त्यांचं काही नातं नाही हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

असा विश्वास आमच्याच पिढीने शोधून काढला असंही नाही. आमच्या आयांकडे 'टॅक्सी ड्रायव्हर' होता. १९५४ मध्ये त्या सिनेमाच्या चित्रीकरणातच, जेवणाच्या सुट्टीत, देव आनंद आणि कल्पना कार्तिक लग्न करून आले, ही गोष्ट त्या स्वयंपाक करता करता सांगायच्या. मराठीत रमेश देव आणि सीमा यांची जोडी तर घराघरात होती. १९६३ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि 'आनंद'मध्ये डॉक्टर कुलकर्णी आणि त्यांची बायको म्हणून ती पडद्यावर आली, तेव्हा आमच्या आयांनी त्यांच्याकडे नट-नटी म्हणून पाहिलंच नाही. रमेश देव २०२२ मध्ये गेले, सीमाताई २०२३ मध्ये. दोन्ही वेळा नागपूरच्या कितीतरी घरांत ओळखीचं माणूस गेल्यासारखी हळहळ झाली.

आता त्या काळातलं वाईट. कल्पना कार्तिक १९५७ च्या 'नौ दो ग्यारह'नंतर पडद्यावर आली नाही. जयाचा 'अभिमान' लग्नानंतर दोन महिन्यांच्या आत आला. नवऱ्याहून गुणी असलेल्या गायिकेची ती गोष्ट, आणि त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. 'शोले' झाला, आणि मग तीही घरात गेली. १९८१ च्या 'सिलसिला'नंतर ती मोठ्या भूमिकेत दिसली ती थेट १९९८ च्या 'हजार चौरासी की माँ'मध्ये. सतरा वर्षं. तिने तो निर्णय आपल्या मनाने घेतला असेल आणि त्याबद्दल बोलण्याचा हक्कही तिचाच. पण आम्ही प्रेक्षकांनी त्याचं काय केलं? आम्ही त्याला संस्कार म्हटलं. 'बघा, एवढी मोठी नटी, पण घर सांभाळते' हे वाक्य आमच्या घरांत शाबासकी म्हणून म्हटलं जायचं आणि समोर बसलेल्या नोकरी करणाऱ्या सुनेच्या दिशेने फेकलं जायचं. देशातली एक उत्तम अभिनेत्री पडद्यावरून गेली, याचं दुःख त्या वेळी आमच्यापैकी किती जणांना झालं?

आजच्या नायिका लग्नानंतर काम करतात, बाळंतपणानंतर करतात, आणि प्रेक्षकांना त्यात बोलण्यासारखं काही वाटत नाही. ही या पिढीची कमाई आहे. प्रेमाला ती कमी भुलत असेल, पण प्रेमात पडलेल्या बाईकडून तिचं काम काढून घेण्याची किंमत ती मागत नाही. आमच्या विश्वासाला ही किंमत चिकटलेली होती.

याहून मोठी किंमत आमच्या स्वतःच्या घरांत मोजली गेली. अलाहाबादच्या कायस्थ कवीचा मुलगा आणि जबलपूरला जन्मलेली, भोपाळला वाढलेली बंगाली पत्रकाराची मुलगी. त्यांच्या लग्नाला ज्या घरांनी टाळ्या वाजवल्या, त्याच घरांतली मुलगी अंबाझरीच्या तलावावर परजातीच्या मुलाबरोबर दिसली, तर तिचं कॉलेज बंद व्हायचं. महिन्याभरात स्थळ बघून तिला दूरच्या गावी धाडलं जायचं. मावशीच्या पेटीत तळाशी त्या दोघांच्या लग्नाचा कापलेला फोटो ठेवलेला असायचा, आणि भाचीच्या पुस्तकात सापडलेली चिठ्ठी तीच मावशी चुलीत घालायची. त्या मावशीला यात विसंगती दिसत नसे. तो फोटो दूरचा होता, चिठ्ठी घरातली होती. पडद्यावरच्या माणसांच्या प्रेमावर आमचा एवढा विश्वास होता, याचं एक कारण हेही असावं, की ते आमच्या उंबऱ्याच्या बाहेर होतं.

आज आमच्याच घरांत बंगाली सून आहे, तेलुगू जावई आहे, नोंदणी कार्यालयात लागलेली लग्नं आहेत. अजूनही सगळीकडे हे सुखाने होत नाही. आपल्याच राज्यात जातीबाहेर प्रेम केलं म्हणून मुलामुलींचे जीव गेले आहेत आणि 'सैराट'ला त्याचीच गोष्ट सांगावी लागली. तरी आमच्या वेळेपेक्षा दार पुष्कळ उघडलं आहे, हे खरंच आहे. आमच्या काळात पडद्यावरचं प्रेम चालायचं आणि घरातलं चालत नसे. आता घरातलं चालतं आणि पडद्यावरच्यावर कुणाचा भरवसा नाही. दोन्हीतून एक निवडायची पाळी आली तर मी आजचा काळ निवडेन, आणि त्यासाठी क्षणभरही विचार करणार नाही.

मग रडायचं कशासाठी? मला वाटतं, त्या काळात माणसांना दुसऱ्याच्या सुखात उगाचच सुख वाटायचं, त्यासाठी. २६ जुलै १९८२ ला 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभ जखमी झाले आणि देशभर देवळांत, दर्ग्यांत, चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. आमच्या घरांतल्या बायका त्यांच्यासाठी नवस बोलल्या तितक्याच जयासाठी बोलल्या. 'तिचं कुंकू शाबूत राहो' असं त्या म्हणायच्या. 'सिलसिला' येऊन वर्षही झालं नव्हतं. मधल्या काळात मासिकांनी त्या घराबद्दल नको नको ते छापलं होतं आणि ते या बायकांनीही वाचलं होतं. मासिकांत ज्या निर्दयपणे बायकांविषयी लिहिलं जायचं, त्याचा आज फोनवर चालणाऱ्या निंदेशी थेट रक्ताचा संबंध आहे. ती निर्दयता नवी नाही. पण वाचलेलं बाजूला ठेवून, कधी न भेटलेल्या बाईसाठी हात जोडणं, हे त्या बायका करत होत्या. ते आता फारसं दिसत नाही.

अमिताभ नागपुरात आले ते २०१८ मध्ये, 'झुंड'च्या चित्रीकरणाला. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा आपल्या गावच्या विजय बारसे सरांच्या कामावर आधारलेला, झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या शिक्षकाचा. त्यातल्या नायकाचं नावही विजय. 'जंजीर'मध्ये ज्या नावाने त्यांनी आम्हाला जिंकलं, तेच नाव घेऊन ते पंचेचाळीस वर्षांनी आमच्या रस्त्यांवर उभे राहिले. आमच्या तारुण्यात ते असे आले असते तर गाव लोटलं असतं. गाव या वेळीही लोटलं. पण प्रत्येकाचा हात वर होता आणि प्रत्येक हातात फोन होता. समोर उभा असलेला माणूस लोक फोनच्या काचेतून पाहत होते. त्यांना दोष देता येत नाही, कारण त्यांच्याकडे आज तो क्षण जपून ठेवलेला आहे आणि आमच्याकडे आमचे क्षण फक्त सांगण्यापुरते आहेत. मात्र सांगायची वेळ येते तेव्हा ते फोन पुढे करतात आणि बोलणं तिथे संपतं. आमचं तिथून सुरू व्हायचं.

त्याच सिनेमात नागपूरच्या वस्त्यांतली मुलं पडद्यावर आली. मिलच्या कामगारांची नातवंडं शोभावीत अशी मुलं, ज्यांचे आजोबा पुढच्या रांगेतून पैसे फेकत होते, ती आता अमिताभच्या खांद्याला खांदा लावून पडद्यावर दिसत होती. आमच्या काळात हे कुणी स्वप्नातही पाहिलं नसतं. जुन्या आठवणींचं पारडं फार जड होऊ लागलं की मी या मुलांचे चेहरे आठवतो.

तेव्हा हिशेब असा आहे. टॉकीज गेल्या, त्यांच्याबरोबर ढेकूण गेले आणि अंधारातले हात गेले, हे बरं झालं. नटींना घरात बसवणारी शाबासकी गेली, बरं झालं. चिठ्ठ्या चुलीत घालणाऱ्या मावश्या कमी झाल्या, फार बरं झालं. गेलं ते एवढंच, की दोन अनोळखी माणसांचं जुळलं म्हणून सगळा मोहल्ला आठवडाभर हसतमुख असायचा. हे नुकसान लहान आहे, पण ते नुकसान आहे.

तुमच्या घरात त्या पिढीतली एखादी आत्या, मावशी किंवा काकू असेल, तर तिला एकदा विचारा की 'जंजीर' कुणाबरोबर पाहिला होता. ती आधी सिनेमाची गोष्ट सांगेल, मग तिकिटाची, मग त्या लग्नाची. तारखा चुकवेल, नावं चुकवेल. फोन काढून त्या दुरुस्त करू नका. तिला बोलू द्या, कारण त्यानंतर कदाचित ती स्वतःबद्दल काहीतरी सांगेल. आम्ही तिला तेव्हा ते विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा.